सुळेवालीचा पाय

मी बूट काढत नसे. हे आधी सांगितलं नाही तर पुढचं काही समजायचं नाही. घरी आल्यावर काढायचो, चर्चच्या पायरीवर काढायचो, आणि झोपताना अर्थातच काढायचो, जरी माझी थोरली बहीण चारचौघांत उलटंच सांगत असे. पण कुणी काढ म्हटलं म्हणून, किंवा समोर कुणी मोठा खुर्चीत बसलाय म्हणून मी बूट काढले नाहीत. माझा आजा गावात शिरताना वेशीपाशी पायताण काढायचा, काखेत धरायचा आणि गावाबाहेर पडल्यावर पुन्हा पायात घालायचा. उन्हाळ्यातसुद्धा. आमच्या वस्तीतल्या प्रत्येकाला तोच नियम होता. पुढे आज्यानं बाप्तिस्मा घेतला. कपाळावर पाणी पडलं, पण वेस होती तिथंच राहिली आणि पायताणही काखेतच राहिलं. मी मिशनच्या शाळेत फिटरकाम शिकलो, नगरला आलो आणि पहिल्या पगारात बूट घेतले. दुकानातून निघालो तो मुद्दाम भर पेठेतून टाचा वाजवत गेलो. काम काहीच नव्हतं.

लोक म्हणत, फिटरला गर्व झालाय. झालाच होता, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. त्या गर्वापायी मी एकदा एक चूक केली आणि ती दुसऱ्याच्या अंगावर शेकली, त्याबद्दल मात्र वाटतं. ते सांगायलाच बसलोय.

युद्ध चालू होतं. स्टेशनच्या पलीकडच्या माळावर लष्करानं युद्धापुरता एक डेपो उभा केला होता. पत्र्याची गोदामं, रुळाचा एक फाटा, मालगाडीसाठी कच्चा फलाट, आणि खोकी वाहून नेणारे हमाल, बहुतेक सुप्याकडचे आणि श्रीगोंद्याकडचे. मी तिथं फिटर होतो. इंजिनांची पुस्तकं इंग्रजीत असत आणि ती वाचता येणारे आम्ही दोघेच होतो, एक मी आणि दुसरे फोरमन. फोरमन पुण्याकडचे. आयुष्य रेल्वेच्या कारखान्यात गेलेलं, निवृत्त झाल्यावर युद्धामुळे पुन्हा कामावर आलेले. काम त्यांना उत्तम येत असे, हे मला कबूल केलं पाहिजे. माणूस अडाणी असता तर मला त्याचा एवढा राग आला नसता.

एक दिवस अमेरिकेहून आलेल्या भल्या थोरल्या पेटीतून एक गाडी निघाली. पुढे जमिनीलगत दोन लांब लोखंडी पट्ट्या. त्या मालाखाली घालायच्या, दांडा ओढायचा, की अख्खी खोक्यांची रास वर उचलली जायची. पुस्तकात तिचं नाव फोर्कलिफ्ट होतं. ते कुणाच्या जिभेवर बसेना. हमालांनी दुपारपर्यंत तिचं बारसं उरकलं: सुळेवाली.

सुळेवालीची खोड अशी, की तिची मागची चाकं वळायची. मोटार चालवणारे पट्टीचे ड्रायव्हर तिच्यावर बसले आणि गोदामाचे खांब मोजून आले. तेव्हा खोकी उचलणाऱ्यांतले एक जण पुढे झाले आणि म्हणाले, "ही उलटी चालती. बैलगाडी मागं सारल्यावानी. मी बघू का?" त्यांनी बघितलं, आणि पहिल्याच फेरीत कुठेही न धडकता रास फलाटावर नेऊन ठेवली. ते माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. डेपोवरच्या गोऱ्या मेजरसाहेबानं त्यांना हमालाचा ड्रायव्हर केला. मला केवढा आनंद झाला. फोरमनना झाला नाही.

दाजींचं एकच मला पटत नसे. ते अनवाणी गाडी चालवत. चपला होत्या त्यांना, चांगल्या होत्या. त्या ते फाटकातून आत आल्यावर भिंतीच्या कडेला जोडीनं ठेवत आणि मग कामाला येत. मला ते बघवत नसे.

"दाजी, इथं वेस नाही," मी म्हणे.

"म्हाईत हाय की," ते म्हणत, आणि हसत. "तुमी घाला ना फिटरसायब. दोघांच्या वाटचं घाला."

मला वाटे, हे आज्याचंच पायताण आहे, काखेतून भिंतीशी आलंय एवढंच. त्यावरून आमची जुंपायची. म्हणजे मी भांडायचो, ते ऐकून घ्यायचे.

उन्हाळ्याच्या तोंडाला सुळेवालीनं दगा द्यायला सुरुवात केली. गोदामापासून फलाटापर्यंत फळ्या टाकलेली एक चढण होती. माल घेऊन अर्ध्या चढणीवर गेली, की मधेच इंजिनाचा दम जायचा. रेस मिळायचीच नाही. दाजी ब्रेक लावत, पाय उचलून पुन्हा दाबत, आणि लगेच इंजिन गुरगुरत वर चढायचं, जसं काही झालंच नव्हतं. कधी दिवसातून दोनदा, कधी दोन दोन दिवस काहीच नाही.

पहिल्या दिवशी दाजी मला सांगायला आले तेव्हा मी इंजिनात डोकं घालून बसलो होतो.

"पाय सरकतो," दाजी म्हणाले.

तक्रार नोंदवहीत इंग्रजीत लिहायची असा डेपोचा नियम होता. मी हात पुसले, वही ओढली आणि त्या दोन शब्दांचं इंग्रजी केलं. ड्रायव्हरचा पाय घसरतो. सरकणं आणि घसरणं, दोन्हींना मिळून मला इंग्रजीत तेव्हा एकच शब्द येत होता. मी मान वर करूनही पाहिलं नाही. वही मिटली आणि पुन्हा इंजिनात डोकं घातलं. अनवाणी चालवल्यावर पाय घसरणारच, आणखी काय होणार, असंही मनात म्हटलं असेल. म्हटलंच होतं.

तरी फिटर म्हणून मी माझं काम सोडलं नाही. पेट्रोलची गाळणी काढली. तळाशी मुरमाची धूळ बसली होती, ती धुतली. दोष तसाच. कार्बुरेटर उघडून फुंकला. नळी तपासली, प्लग बदलले. पेडल दाबलं की एक सळई पुढे जाते आणि कार्बुरेटरातली झडप उघडते. ती सळई इंजिनाच्या टोकाकडून तपासली, सरळ होती. स्प्रिंग ताणून पाहिली, घट्ट होती. पेडलचा बिजागरीकडचा भाग मात्र रिव्हेट मारलेल्या पत्र्याखाली होता, आणि तो पत्रा मेजरच्या हुकमाशिवाय उघडायची परवानगी नव्हती. मग मी स्वतः गाडीवर बसलो. माल घेऊन चढलो, उतरलो, चढलो. इंजिन एकसारखं चाललं. फोरमन बसले, त्यांनाही काही सापडलं नाही. दाजी बसले. तीन फेऱ्या ठीक, चौथीला चढणीवर दम गेला.

पाळीनं येणाऱ्या तापाला औषध असतं. ज्या दोषाला वेळ पाळायची सवय नाही, तो फिटरला वेडा करतो. दुखणारा दात वैद्याच्या ओट्यावर दुखायचा थांबतो, तसं त्या गाडीचं होतं. आणि दर खेपेला तो दात दाजींच्याच वेळी दुखायचा.

एका शनिवारी चढणीवर दम गेला तो दाजींनी ब्रेक लावेपर्यंत गाडी मागं आली, रास कलली आणि खोकी खाली आली. दुधाच्या डब्यांची होती. दोन हमाल बाजूला उडी मारून वाचले. डबे माळभर घरंगळत गेले, आणि ते गोळा करताना कुणी हसलं नाही, इतके सगळे घाबरले होते. तेव्हाचे दिवसच तसे होते, चले जावचे. कुठे तारा तुटत होत्या, कुठे रूळ उखडले जात होते. लष्कराच्या मालाचं नुकसान झालं, की आधी पोलिसांचीच आठवण व्हायची.

फोरमननी मला कचेरीत बोलावलं. त्यांच्यापुढे नोंदवही उघडी होती.

"नाचता येईना, अंगण वाकडं," ते म्हणाले. "गाडीत काही नाही. तू पाहिलंस, मी पाहिलं. हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"पाय घसरतो. तूच लिहिलंयस, त्याच्याच तोंडचं. अनवाणी गाडी हाकतो आणि पाय घसरतो म्हणतो. आता पाय आपोआप घसरत असेल तर तो नालायक आहे. आणि घसरवत असेल, तर त्याला हल्ली वेगळं नाव आहे. सोमवारी मेजरसाहेब येतायत. गाडी निर्दोष आहे एवढ्यावर तू सही कर. मी साहेबांना सांगून नुसतं काढून टाकायला लावतो. सही नसेल तर साहेब चौकशी पोलिसांकडे देतील. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

मग त्यांनी वही मिटता मिटता एक वाक्य टाकलं, अगदी सहज, जुनी म्हण तोंडात येते तसं.

"पायीची वहाण पायीच बरी. हमालाला गाडीवर बसवलं तेव्हाच मी म्हणालो होतो."

तळपायाची आग मस्तकात गेली. ही म्हण माझ्या बापाला ऐकवली होती लोकांनी, मला शाळेत घातलं त्या दिवशी. फोरमनना ते माहीत असण्याचं कारण नाही, पण माहीत नसतानाही ती त्यांना नेमकी सापडली.

"वहाणेचं मला सांगू नका," मी म्हणालो. "सही मी करणार नाही."

"का?"

"गाडीत दोष आहे."

"कुठे?"

"सोमवारी दाखवतो."

बाहेर आलो. दोष कुठे आहे हे मला ढिम्म माहीत नव्हतं. आणि मनातल्या मनात एक गोष्ट बोचत होती: फोरमनच्या हातातला पुरावा माझ्याच अक्षरात होता. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची वेळ आली, तर दोर मीच वळून दिला होता.

रविवारी चर्चमधून सरळ बहिणीकडे गेलो. त्यांची खोली वस्तीच्या टोकाला होती. बहिणीनं भाकरी आणि हुलग्याचं माडगं वाढलं. तिला सगळं कळलं होतं. मी दोन घास खाईपर्यंत ती थांबली.

"कागदावर काय लिवलंयस तू?" ती म्हणाली.

"ते म्हणाले तेच. पाय घसरतो."

दाजींनी हातातली भाकरी ताटात ठेवली. "घसरतो कवा म्हनलो मी? सरकतो म्हनलो."

"तेच ते, दाजी."

"त्येच कसं? घसरतो त्यो मानसाचा. सरकतो म्हंजी जागा सोडतो. आन् माजा न्हवं. तिचा."

"कुणाचा?"

"सुळेवालीचा. तिचा पाय. रेस द्यायला दाबतो त्यो."

मी त्याला पेडल म्हणत होतो, पुस्तकात तसं होतं म्हणून. सगळा डेपो त्याला पाय म्हणत होता. शिंप्याच्या मशीनचा असतो तसा, पायपेटीच्या भात्याचा असतो तसा. लहानपणी मीही हाच शब्द वापरत असणार. शाळेनं माझ्या तोंडातला 'न्हाई' काढून तिथे 'नाही' बसवला, तेव्हा हाही कुठेतरी सांडला असावा.

दाजींनी बोट पुढं करून दाखवलं. "एवढा, बोटभर, उजवीकडं जातो. मंग दाबला तरी दबत न्हाई. उचलून पुन्यांदा दाबला की जागंवर. पैल्याच दिशी सांगितलं की तुमाला."

"मग मला का नाही सापडलं? मी शंभरदा दाबला."

"बुटात पाय भैरा व्हतो."

हे मला पटलं नाही. अनवाणी राहायला सापडलेली सबब, असं मला वाटलं, आणि ते माझ्या तोंडावर दिसलंही असेल. बहिणीनं माझं ताट उचललं. ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. मला कडेवर घेऊन तिनं शेण्या वेचल्यात. ती कधी मला टाकून बोलली नव्हती.

"तू शिकून आलास तवा आमाला वाटलं व्हतं," ती म्हणाली, "आता आपलं बोलनं कुनीतरी कागदावर नीट लिवील."

मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नाही. वेशीतून अनवाणी चालताना आज्याला वाटत असेल त्याहून जास्त, कारण त्याची चूक नव्हती.

सोमवारी सकाळी मेजरसाहेब आले. उंच, लालभडक चेहऱ्याचा, कमी बोलणारा माणूस. फोरमननी त्यांना वही दाखवली. मी पुढं झालो आणि माझ्या इंग्रजीत सांगितलं, की ती नोंद माझी आहे आणि ती चुकीची आहे. ड्रायव्हर जे बोलला ते वेगळं होतं. दोष पेडलमध्ये आहे, वरचा पत्रा उघडायचा हुकूम द्या.

"पुरावा?" साहेबानं विचारलं.

"चालवून दाखवतो."

सगळे हमाल काम टाकून गोळा झाले. त्यांना हाकलायला हवं होतं, पण फोरमननी हाकललं नाही. त्यांनाही बहुतेक साक्षीला माणसं हवी होती. मी सुळेवालीवर बसलो. हातानं पेडल आडवं ढकलून पाहिलं. स्प्रिंगनं ते घट्ट धरून ठेवलं होतं, जागचं हललं नाही. इंजिन चालू केलं, माल उचलला आणि चढणीला लागलो. एक फेरी. दोन. पाच. दर वेळी पायाखाली लक्ष, आता सरकेल, आता सरकेल. आठ. गाडी इतकी सरळ चालली की नवीन असतानाही चालली नव्हती. दहावी फेरी करून मी खाली आलो तेव्हा घामानं शर्ट पाठीला चिकटला होता.

"झालं?" फोरमन म्हणाले. साहेबानं घड्याळ पाहिलं.

दाजी गोदामाच्या सावलीत उभे होते. मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. भेगाळलेले, धुळीनं माखलेले, जमिनीवर पंज्यासकट टेकलेले पाय. आणि भिंतीशी त्या दोन चपला. बुटात पाय भैरा व्हतो. त्यांचं एक बोलणं मी न ऐकता लिहिलं होतं. हे दुसरं मी ऐकूनही मानलं नव्हतं.

मी गाडीच्या पायरीवर बसलो आणि बुटाची नाडी सोडायला लागलो.

माळावरचे हमाल माना उंच करून बघायला लागले. त्या सगळ्यांना माझी गोष्ट माहीत होती. फिटर कुणापुढे बूट काढत नाही, हे तिथल्या प्रत्येकानं एकमेकाला सांगितलेलं होतं, काहींनी चेष्टेनं आणि काहींनी नाही. आणि मी साहेबापुढे, फोरमनपुढे, भर दिवसा बूट काढत होतो. एक गाठ सुटता सुटेना.

"आता पूजा घालणार की काय गाडीची?" फोरमन म्हणाले.

मी मोजे बुटात कोंबले, बूट फळीवर ठेवले आणि वर चढलो. तुमच्यासाठी काढलेले नाहीत, हे ओरडून सांगावंसं वाटत होतं. ओरडलो नाही, कारण ओरडून ते खरं झालं नसतं.

पेडलवर पाय ठेवला आणि मला कळलं. अजून गाडी हललीही नव्हती. पेडलच्या मधोमध लोखंडाच्या उभ्या धारा होत्या, बूट घसरू नये म्हणून कोरलेल्या. बुटाला त्या जाणवत नाहीत, पण उघड्या तळव्याला विळीसारख्या लागतात. माझा पाय, मी न सांगता, आपण होऊन उजव्या कडेला गेला, जिथे लोखंड गुळगुळीत होतं. अनवाणी माणूस तिथेच दाबणार. आणि बूट घातलेला माणूस शंभरदा दाबेल तो मध्यावरच दाबेल.

पहिली फेरी ठीक गेली. दुसरी गेली. तिसऱ्या फेरीला अर्ध्या चढणीवर मला तळव्याखाली ते लागलं. बसल्या बसल्या कुणी खालचा पाट हळूच ओढावा, तसं पेडल उजवीकडं गेलं. बोटभर. मी जोर दिला. दाबलं जाईना. इंजिनाचा दम गेला, गाडी मागं यायला लागली, मी डाव्या हातानं ब्रेक खेचला, आणि इंजिन आचके देऊन बंद पडलं.

"दाजी, धोंडा!"

दाजी आधीच धावले होते. त्यांनी मागच्या चाकाखाली धोंडा सारला. माझा उजवा पाय होता तिथंच होता, दाबलेला. मी तो तसूभर हलवला नाही.

"मी पाय उचलणार नाही," मी म्हणालो. "या आणि बघा."

मेजरसाहेब चढण चढून आले. "हिलो मत," म्हणाले, आणि वाकले. अगदी खाली, माझ्या अनवाणी पायापाशी. टोपी काढून त्यांनी पेडलच्या फटीत डोळा लावला. मग बाजूला झाले आणि फोरमनना बोटानं जागा दाखवली. फोरमनही वाकले. त्यांचा चष्मा माझ्या अंगठ्यापासून वीतभर असेल. आज्या, बघतोयस का, असं मी त्या वेळी मनात म्हणालो. खोटं कशाला सांगू?

पेडल बिजागरीवरून बाजूला गेलं होतं आणि सळईचं आकड्यासारखं वळवलेलं टोक पत्र्याच्या कडेला अडकलं होतं. उघड्या डोळ्यांना दिसत होतं. हातच्या काकणाला आरसा नको होता.

फोरमन बराच वेळ वाकून होते. मग कंबर धरून उठले. कामातला माणूस होता, डोळ्यांना दिसलेलं नाकारण्याइतका तो खाली उतरला नाही.

"सरकतंय," ते म्हणाले.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना समजलं. "सरकतंय," ते पुन्हा म्हणाले, थोडं हळू.

पत्रा उघडला. बिजागरीच्या पिनेला टोकाशी अडवणारी बारीक तार असते, दोन पायांची, आरपार घालून दुमडायची. ती तिथं नव्हतीच. पेटीतून निघाली तेव्हापासून नसेल, किंवा तुटून पडली असेल. ती नसल्यानं पेडल अर्धं दाबलं आणि कडेला भार आला, की पिनेसकट बाजूला जायचं. पाय उचलला की स्प्रिंग त्याला पुन्हा जागेवर ओढायची. मी बोटाएवढी तार घालून दुमडली. पाव तासाचं काम.

मग वही आली. फोरमन म्हणाले, "तरीसुद्धा, ड्रायव्हर अनवाणी होता हे कारणात लिहायला हवं. बूट असते तर हे झालंच नसतं."

"बूट असते तर दिसलं नसतं," मी म्हणालो. "बुटानं दोष जात नाही, लपतो. पाय खोटा नाही साहेब, पिन खोटी आहे. मी तेवढंच लिहिणार."

मेजरसाहेबांनी फोरमनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जे पाहिलंस ते लिही म्हणाले. मी माझ्या जुन्या ओळीवर आडवी रेघ मारली, त्यावर सही केली, आणि खाली नवी ओळ लिहिली. सरकण्याला इंग्रजी शब्द तेव्हाही सुचला नाही, म्हणून लांबण लावलं: गाडीचा पाय आपली जागा सोडून उजवीकडे जातो, ड्रायव्हरचा पाय आपल्या जागेवर असतो. साहेबानं ते दोनदा वाचलं आणि खाली सही केली. दाजींना कुणी काढलं नाही. माफीही कुणी मागितली नाही. तशी आमची अपेक्षा नव्हती, पण नोंद असावी म्हणून सांगितलं.

पुढे डेपोनं ड्रायव्हरांना बूट दिले. दाजी ते घालून फाटकातून यायचे आणि सुळेवालीवर चढताना काढून ठेवायचे. त्यात किती आज्याची सवय होती आणि किती तळव्याचं शहाणपण, हे मी त्यांना पुन्हा कधी विचारलं नाही.

पण ते नंतरचं. त्या सोमवारी साहेब गेल्यावर मी गाडीपाशी आलो, तर दाजी माझे बूट हातात घेऊन त्यावरची धूळ उपरण्यानं झटकत होते.

"ठेवा ते खाली," मी म्हणालो. "दाजी, खाली ठेवा आधी."

त्यांनी ठेवले. हमाल अजून पांगले नव्हते. फळ्या तापल्या होत्या, तरी मी तसाच अनवाणी उभा राहिलो.

"काय फिटरसायब," दाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आज तुमचा बी पाय सरकला म्हना की."

"न्हाई दाजी," मी म्हणालो. "सरकला त्यो तिचा. माजा घसरला व्हता."